सोंड पोटाला आधीच का चिकटते? : इम्प्लिसिट सरफेसविषयी वाचकांचे प्रश्न

संगणकावरच्या घडणकामाविषयी बडोद्याच्या वाचकांची बरीच पत्रं आमच्याकडे साठली होती. त्यातली इम्प्लिसिट सरफेसबद्दलची या अंकासाठी निवडली आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मेशमध्ये आपण त्रिकोणांची यादी ठेवतो, इथे यादीऐवजी एक फंक्शन असतं. अवकाशातल्या कुठल्याही बिंदूला ते एक आकडा देतं. जिथे जिथे तो आकडा आपण ठरवलेल्या किमतीइतका होतो, ते सगळे बिंदू मिळून पृष्ठभाग बनतो. तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं. सगळ्यांची नजर पृष्ठभागावर असते आणि बिघाड झालेला असतो त्याच्या आजूबाजूच्या आकड्यांत.

प्रश्न : गणपतीचा नमुना शाडूत घेण्याआधी मी ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये मेटाबॉलने, म्हणजे एकमेकांत मिसळणाऱ्या गोळ्यांनी, करून बघतो. सोंड पोटाजवळ आणली की मध्ये स्वच्छ फट असतानाच दोन्ही एकमेकांना चिकटतात. सोंडेवर गोळ्यांच्या गाठी दिसतात, आणि हाताची बोटं बारीक केली की ती गायबच होतात. काय चुकतंय?
— एक मूर्तिकार, दांडिया बाजार

उत्तर : तुमच्या हातून काही चुकत नाही, मेटाबॉलचा स्वभावच तसा आहे. पण त्याचं गणित कळलं की तिन्ही अडचणी आटोक्यात येतात.

प्रत्येक गोळ्याभोवती त्याचा प्रभाव पसरलेला असतो. केंद्रात तो १ असतो, बाहेर कमी होत जातो आणि प्रभाव-त्रिज्येवर शून्य होतो. सगळ्या गोळ्यांच्या प्रभावांची बेरीज जिथे आपण ठरवलेल्या किमतीइतकी (तिला उंबरठा म्हणू) होते तिथे पृष्ठभाग दिसतो. वायव्हिल बंधू आणि मॅकफीटर्स यांनी १९८६ साली यासाठी दिलेलं बहुपद आजही वापरलं जातं:

प्रभाव = १ − (२२/९)द + (१७/९)द² − (४/९)द³

इथे द म्हणजे केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग भागिले प्रभाव-त्रिज्येचा वर्ग. बरोबर निम्म्या त्रिज्येवर प्रभाव ०.५ येतो. म्हणून उंबरठा ०.५ ठेवला की एकट्या गोळ्याचा दिसणारा आकार प्रभाव-त्रिज्येच्या निम्मा असतो. ब्लेंडरचं बहुपद थोडं वेगळं आहे, पण वागणूक हीच.

आता प्रभाव-त्रिज्या २ असलेले दोन गोळे घ्या. प्रत्येकाचा दिसणारा आकार १ त्रिज्येचा. केंद्रं २ एककांवर आली की पृष्ठभाग एकमेकांना टेकतील अशी आपली अपेक्षा. पण मधोमध दोघांचे प्रभाव मिळून ०.५ व्हायला प्रत्येकाचा ०.२५ पुरतो, आणि तो प्रभाव-त्रिज्येच्या ०.६६५ पट अंतरावरच असतो. म्हणजे केंद्रं २.६६ एककांवर असतानाच पूल तयार होतो. दिसणारी फट ०.६६ एकक असताना सोंड पोटाला चिकटली ती यामुळे. उंबरठा वाढवून हा दोष जात नाही. सगळी मूर्ती रोडावते आणि चिकटणं थोडं उशिरा होतं, एवढंच.

खरा उपाय म्हणजे कोणी कोणात मिसळायचं हे आपण ठरवून देणं. ब्लेंडर नावावरून घराणं ठरवतो: नावात टिंबाच्या आधीचा भाग सारखा असेल तर ते मेटाबॉल एकमेकांत मिसळतात, वेगळा असेल तर मिसळत नाहीत. डोकं, कान आणि सोंड एका नावाखाली ठेवा, पोट-छाती-मांड्या दुसऱ्या. रेझोल्यूशन आणि उंबरठा त्या घराण्यातल्या बिनआकड्याच्या मूळ गोळ्यावरून घेतले जातात, म्हणून बदल तिथेच करा. मग दोन्ही घराण्यांची एकेक प्रत राखून ठेवा आणि ऑब्जेक्ट मेनूतून कन्व्हर्ट करून मेश बनवा. मेश एकत्र जोडून त्यावर जाळी नव्याने विणणारा रीमेश मॉडिफायर व्हॉक्सेल (छोट्या घनांच्या) प्रकारात लावा. ३०० मिलिमीटर उंचीच्या मूर्तीला १ मिलिमीटरचा व्हॉक्सेल चांगला. त्यामुळे आत दडलेले पृष्ठभाग निघून जातात, आणि सोंड पोटावर टेकते तिथे शाडूत येते तशी स्पष्ट घळ राहते. मानेचा सांधा मात्र मऊ हवा असतो. तो स्कल्प्ट मोडमध्ये स्मूद ब्रशने तेवढ्याच भागात फिरवून घ्या. सोंड आणि पोट यांच्या मध्ये ऋण गोळा (प्रभाव वजा करणारा) ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो आम्ही देणार नाही. ऋण गोळा दोन्हीकडचं अंग खातो आणि सोंड हलवली की प्रत्येक वेळी त्याला परत बसवावं लागतं.

सोंडेवरच्या गाठी गोळ्यांमधल्या अंतरामुळे येतात. वरच्या बहुपदात गोळे प्रभाव-त्रिज्येच्या निम्म्या अंतराने ओळीत ठेवले तर अक्षावरची बेरीज केंद्रापाशी २.०० आणि दोन केंद्रांच्या मधोमध १.९९६ येते. गाठ डोळ्याला दिसत नाही. पण त्या बेरजेमुळे सोंड एकट्या गोळ्याच्या सुमारे सव्वापट जाड होते, तेव्हा त्रिज्या आधीच पाचव्या हिश्शाने कमी धरा. निमुळत्या सोंडेत त्रिज्या घटते तसं अंतरही घटवत न्यायचं, इथेच बहुतेक जण चुकतात: शेंड्याकडे लहान गोळे, पण अंतर मुळाइतकंच. सोंडेचे सरळ तुकडे असतील तर गोळ्यांऐवजी कॅप्सूल (दोन्ही टोकं गोल असलेली नळी) वापरा.

बोटांची गोष्ट वेगळी. पडद्यावर दाखवण्यासाठी ब्लेंडर अवकाशाचे छोटे घन पाडतो आणि फक्त घनांच्या कोपऱ्यांवर बेरीज तपासतो. रेझोल्यूशनचा आकडा म्हणजे त्या घनाची बाजू. ती ०.४ असेल आणि बोट ०.३ जाड असेल तर बोट कोपऱ्यांच्या मधून निसटतं, फंक्शनमध्ये ते असतं पण जाळीला सापडत नाही. सर्वांत बारीक भागाच्या जाडीत निदान दोन, शक्यतो तीन घन बसले पाहिजेत. बाजू निम्मी केली की पृष्ठभागावरचे घन सुमारे चौपट होतात, म्हणून सबंध मूर्तीला बारीक जाळी लावू नका. पंजा स्वतंत्र घराण्यात ठेवून फक्त त्याची जाळी बारीक करा.

प्रश्न : आम्ही शाळेत वर्तुळाचं समीकरण शिकवत होतो, क्ष वर्ग अधिक य वर्ग बरोबर त्रिज्येचा वर्ग. हे तेच आहे ना? मग त्यात नवीन काय?
— एक निवृत्त गणित शिक्षक, रावपुरा

उत्तर : तेच आहे, सर. नवीन आहे ते अशी समीकरणं एकमेकांत मिसळण्याची रीत. रिची यांनी १९७३ साली दोन फंक्शनांच्या न-व्या घातांची बेरीज करून तिचं न-वं मूळ काढायची पद्धत मांडली. न मोठा केला की सांधा टोकदार होत जातो. जिम ब्लिन यांनी १९८२ साली रेणूंची चित्रं काढण्यासाठी प्रत्येक अणूभोवती घंटाकृती प्रभाव धरला. तो कितीही दूर गेलं तरी पुरता शून्य होत नाही, त्यामुळे प्रत्येक बिंदूपाशी सगळे अणू मोजावे लागत. ओसाका विद्यापीठात १९८५ साली मेटाबॉल आले आणि पुढच्याच वर्षी वर दिलेलं बहुपद. दोन्हींत प्रभाव ठरावीक अंतरावर संपतो, म्हणून एका बिंदूसाठी जवळचे चार-दोन गोळेच मोजले की भागतं. हाताने ओढून आकार बदलताना चित्र लगेच बदलावं, ही सोय त्यातून शक्य झाली.

प्रश्न : कलाभवनात शेवटच्या वर्षाला आहे. अंतर-फंक्शन (बिंदूपासून पृष्ठभाग किती दूर ते सांगणारं) आणि स्फिअर ट्रेसिंग (त्या अंतराएवढी पावलं टाकत किरण पुढे नेणं) वापरून स्वतःचा शेडर (चित्र काढणारा प्रोग्रॅम) लिहिला. दोन आकार स्मूद-मिनिममने (दोन अंतरांतलं लहान घेताना सांधा मऊ करणाऱ्या सूत्राने) जोडले आणि खांबाला पीळ दिला. पीळ दिलेल्या भागात भोकं पडतात, कडांना पट्टे येतात, आणि प्रकाश दाणेदार दिसतो. स्मूद-मिनिममचा आकडा बदलून पाहिला, फरक नाही.
— एक विद्यार्थिनी, मांजलपूर

उत्तर : फरक पडणारच नव्हता, कारण दोष स्मूद-मिनिममचा नाही. आधी तो बाजूला काढू.

तुम्ही बहुधा हे सूत्र वापरत असाल: अ आणि ब ही दोन अंतरं, क ही मिश्रणाची रुंदी. क मधून अ-ब मधला फरक वजा करा, ऋण आलं तर शून्य धरा, आणि क ने भागा. याला ह म्हणू. मग

उत्तर = अ आणि ब मधलं लहान − (ह × ह × क ÷ ४)

क हे अंतराच्याच एककात असतं. क = ०.२ असेल तर दोन अंतरांतला फरक ०.२ पेक्षा कमी असेल तिथेच मिश्रण होतं, आणि दोन्ही सारखी असतील तिथे किंमत ०.०५ ने खाली येते. या सूत्राचा ग्रेडियंट (किंमत कुठल्या दिशेने किती वेगाने बदलते ते सांगणारा बाण) अ आणि ब यांच्या ग्रेडियंटांची भारित सरासरी असतो आणि भारांची बेरीज नेहमी १. म्हणून अ आणि ब यांच्या ग्रेडियंटांची लांबी १ च्या आत असेल तर मिश्रणाचीही आतच राहते. चमकदार पृष्ठभागावर मिश्रणाच्या हद्दीशी प्रतिबिंब मोडलेलं दिसलं तर ह चा घन घेऊन ४ ऐवजी ६ ने भागा, वक्रतेतली उडी जाते. तीन आकार जोडताना क्रम बदलला की या सूत्रात आकारही थोडा बदलतो, हे लक्षात असू द्या.

आता पीळ. जॉन हार्ट यांनी १९९६ साली मांडलेल्या स्फिअर ट्रेसिंगची अट एकच आहे: फंक्शनने सांगितलेलं अंतर खऱ्या अंतराहून जास्त नसावं. कमी सांगितलं तर पावलं वाढतात, जास्त सांगितलं तर किरण पृष्ठभाग ओलांडून पलीकडे जातो आणि भोक दिसतं. पीळ दिल्यावर अवकाश ताणला जातो. दर एकक उंचीला किती रेडियन पीळ, गुणिले अक्षापासूनचं जास्तीत जास्त अंतर, या गुणाकाराला स म्हणा. ग्रेडियंटची लांबी जास्तीत जास्त किती वाढेल त्याचं नेमकं उत्तर असं: स मध्ये (स² + ४) चं वर्गमूळ मिळवा आणि बेरजेला २ ने भागा. स = १ असेल तर १.६१८. म्हणजे फंक्शनची किंमत १.६१८ ने भागल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. उगाच ०.५ ने गुणणारे बरेच शेडर दिसतात. कमी पिळात त्यात वेग वाया जातो, आणि स दीडच्या पुढे गेला की तेही पुरत नाही.

असमान ताणाचंही असंच. लंबगोल मिळवण्यासाठी सहनिर्देशकांना १, १ आणि ०.२५ ने भागून गोलाचं फंक्शन लावलं तर ग्रेडियंट काही जागी ४ होतो. उत्तराला सर्वांत लहान त्रिज्येने, म्हणजे ०.२५ ने गुणा. चित्र हळू येईल पण अचूक येईल.

अंदाज करत बसण्यापेक्षा तपासणीचं एक दृश्य शेडरमध्ये कायमचं ठेवा: किरणाच्या वाटेवर ग्रेडियंटची लांबी मोजायची आणि १.०१ च्या वर गेली की तो पिक्सेल लाल करायचा. दोष कुठल्या क्रियेत आहे ते लगेच दिसतं.

कडांवरचे पट्टे पावलं संपल्यामुळे येतात. पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या किरणाला अंतर सतत छोटंच मिळतं आणि ६४ पावलांत तो पोचत नाही. कडांपुरती १२८ पावलं द्या, आणि किरण जितका दूर गेला असेल त्या प्रमाणात टेकण्याची मर्यादा सैल करा, कारण तिथे एका पिक्सेलची रुंदीही वाढलेली असते. १९२० × १०८० च्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेलला ६४ पावलं म्हणजे एका चित्राला १३,२७,१०,४०० वेळा फंक्शन मोजणं. ओढताना रुंदी-उंची निम्मी करा, काम चौथाईवर येतं. हात सुटला की पूर्ण चित्र काढा.

प्रकाशाचे दाणे नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) काढताना घेतलेल्या फार बारीक अंतरामुळे दिसतात. ३२ बिटांच्या आकड्यात १० च्या आसपास दोन शेजारच्या किमतींत सुमारे ०.०००००१ चं अंतर असतं. तुम्ही ०.००००१ चा फरक घेतला तर आकड्यांची गोलाई नॉर्मलमध्ये काही अंशांची थरथर आणते. ०.००१ घ्या.

प्रश्न : फाइन आर्ट्सला शिल्पकलेत आहे. मुकुटाच्या धारा फंक्शनमध्ये टोकदार आहेत, पण मार्चिंग क्यूब्सने (घनांच्या जाळीवरून मेश काढण्याच्या रीतीने) मेश काढली की बोथट आणि दातेरी होतात. जाळी बारीक केली तरी तेच.
— एक विद्यार्थी, सयाजीगंज

उत्तर : लोरेन्सन आणि क्लाइन यांची मार्चिंग क्यूब्स १९८७ पासूनची. त्यात शिरोबिंदू फक्त घनांच्या कडांवर पडतात. धार घनाच्या पोटातून गेली तर तिच्यावर बिंदू पडूच शकत नाही, म्हणून बारीक जाळीत दाते लहान होतात पण जात नाहीत. २००२ साली आलेलं ड्युअल काँटूरिंग वापरा. ते कडांवरच्या छेदबिंदूंपाशी नॉर्मलही घेतं आणि त्या प्रतलांना सर्वांत जवळ जाणारा बिंदू घनाच्या आत ठेवतं. जवळजवळ सपाट भागात हा बिंदू घनाबाहेर उडतो. अशा वेळी त्याला छेदबिंदूंच्या सरासरीकडे ओढून घ्यावं लागतं, नाहीतर मेशवर काटे उभे राहतात.

प्रश्न : मूर्तिकारांसाठी छोटं मॉडेलिंग साधन लिहितो आहे. वापरणाऱ्याला गोळ्यांची केंद्रं आणि त्रिज्या दाखवायच्या नाहीत. त्याने पृष्ठभागावरच्या एका जागी धरून ओढावं आणि आकार तिथपर्यंत यावा. हे कसं करतात?
— एक प्रोग्रॅमर, अलकापुरी

उत्तर : या विषयातला हा आमचा सर्वांत आवडता प्रश्न आहे. विटकिन आणि हेकबर्ट यांनी १९९४ साली त्याला जे उत्तर दिलं त्याहून सुटसुटीत उत्तर आम्हाला माहीत नाही.

धरलेला बिंदू सतत पृष्ठभागावर राहिला पाहिजे, म्हणजे तिथली किंमत, उंबरठा वजा केल्यावर, शून्यच राहिली पाहिजे. किंमत दोन कारणांनी बदलते: आकाराचे मापदंड बदलले म्हणून, आणि बिंदू हलला म्हणून. या दोन बदलांची बेरीज शून्य ठेवायची. बिंदूची हालचाल माऊसकडून कळते, म्हणून मापदंडांचा बदल काढायचा. मापदंड जास्त आणि अट एक, तेव्हा उत्तरं अनेक. त्यांतलं वर्गांची बेरीज सर्वांत लहान असलेलं उत्तर निवडायचं. पावलागणिक साठणारी चूक धुऊन काढण्यासाठी समीकरणात आत्ताची किंमत गुणिले एक ऋण स्थिरांक हीही भर घालायची. ती विसरली तर मिनिटभर ओढल्यावर बिंदू पृष्ठभाग सोडून तरंगू लागतो.

एका गोळ्यावर हे करून पाहा. मापदंड चार: केंद्राचे तीन सहनिर्देशक आणि त्रिज्या. बिंदू १ एकक बाहेर ओढला तर सर्वांत लहान बदल असा निघतो: केंद्र ०.५ सरकतं आणि त्रिज्या ०.५ वाढते. समोरचा बिंदू जागीच राहतो. गणित अगदी बरोबर आहे, पण ज्याला गोळा नुसता सरकवायचा होता तो गोंधळेल. म्हणून मापदंडांना वजनं द्या. त्रिज्येच्या बदलाला ९ पट वजन दिलं की केंद्र ०.९ सरकतं आणि त्रिज्या ०.१ च वाढते. साधनात ‘सरकव’ आणि ‘फुगव’ अशी दोन बटणं ठेवून मागे फक्त हे वजन बदलायचं, ही आमची शिफारस.

धरलेले बिंदू अनेक असतील तर जितके बिंदू तितक्या ओळींची चौरस समीकरणावली सोडवावी लागते. दहा बिंदूंना १० × १०, म्हणजे काहीच काम नाही. अडचण येते ती दोन बिंदू फार जवळ ठेवले किंवा बिंदू मापदंडांहून जास्त झाले की. समीकरणावली विस्कटते आणि आकार एकदम उडी मारतो. कर्णावरच्या आकड्यांत छोटी भर घाला, कर्णाच्या सरासरीच्या हजाराव्या भागाइतकी. बिंदू किंचित मागे राहील, पण आकार शांत राहील.

दुसरा धोका वर मूर्तिकारांना सांगितलेल्या प्रभाव-त्रिज्येपाशी आहे. प्रभाव संपतो त्या हद्दीजवळ मापदंडांचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. तिथला बिंदू धरला तर एवढासा बदल घडवायला प्रचंड सरकणं मागितलं जातं. एका फ्रेममध्ये कुठलाही मापदंड प्रभाव-त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाहून जास्त बदलू देऊ नका.

वेगासाठी: कुठले आकार कशात जोडले याचं झाड ठेवलं असेल तर ओढलेल्या पानापासून मुळापर्यंतच्याच गाठी बदलतात. बाकीच्या फांद्यांची किंमत जाळीवर साठवून ठेवा आणि मधल्या बिंदूंना अंदाजाने काढा. श्मिट, वायव्हिल आणि गालँ यांनी २००५ साली हीच साठवण पातळीगणिक मांडली, आणि मोठी झाडंही हाताखाली हलू लागली. २५६ × २५६ × २५६ ची पूर्ण जाळी एका फांदीला ६४ एमबी घेते, म्हणून जाळी त्या फांदीच्या स्वतःच्या चौकटीपुरतीच ठेवायची.

प्रश्न : जुन्या पंपाच्या भागाचा पॅटर्न (ओतकामाचा नमुना) स्कॅन केला. पाच हजार बिंदू आणि त्यांचे नॉर्मल आहेत. त्यातून आरबीएफने (प्रत्येक बिंदूपासूनच्या अंतरावर आधारलेल्या फंक्शनांच्या बेरजेने) गुळगुळीत पृष्ठभाग काढायला गेलो तर संगणक अडकतो, आणि निघालाच तर भागापासून दूर हवेत वेगळेच तुकडे दिसतात.
— एक पॅटर्नमेकर, मकरपुरा जीआयडीसी

उत्तर : पृष्ठभागावरच्या बिंदूंना शून्य किंमत आणि नॉर्मलच्या रेषेत थोडं आत सरकवलेल्या बिंदूंना धन किंमत, ही टर्क आणि ओब्रायन यांची पद्धत. पाच हजारांचे दहा हजार बिंदू होतात, शिवाय प्रतलाचे चार मापदंड. समीकरणांच्या सारणीत सुमारे १० कोटी आकडे, ८ बाइटांनी ८० कोटी बाइट. ती सोडवायला साधारण ३३ हजार कोटी गुणाकार-बेरजा. बिंदू निम्मे केले की काम आठव्या हिश्शावर येतं, म्हणून आधी हेच करा: थोड्या बिंदूंवर सोडवा, सगळ्या बिंदूंवर चूक मोजा, जिथे चूक जास्त तिथलेच बिंदू वाढवा. पंपाच्या सपाट बाजूंना फार बिंदू लागत नाहीत.

स्कॅनमध्ये एकच बिंदू दोनदा आला असेल तर सारणीच्या दोन ओळी सारख्या होतात आणि ती सुटत नाही. दुहेरी बिंदू काढा. सहनिर्देशक मिलिमीटरात न ठेवता सबंध भाग १ एककाच्या चौकटीत बसवा, कारण अंतराचा घन घेणारं फंक्शन ३०० मिलिमीटरला २ कोटी ७० लाखांवर जातं.

हवेतले तुकडे बहुधा पातळ भिंतींमुळे आहेत. भिंत ४ मिलिमीटर आणि सरकवणं ५ असेल तर आत ढकललेला बिंदू समोरच्या बाजूने बाहेर पडतो आणि आत-बाहेरचं चिन्ह उलटं सांगतो. प्रत्येक सरकवलेल्या बिंदूचा सर्वांत जवळचा स्कॅन-बिंदू त्याचा स्वतःचाच आहे ना, हे तपासा. नसेल तर सरकवणं निम्मं करा आणि परत तपासा. मर्यादित व्याप्तीचं फंक्शन वापरलं असेल तर दुसरंही कारण संभवतं: व्याप्तीबाहेर किंमत शून्यच असते, आणि शून्य म्हणजेच पृष्ठभाग. अशा वेळी मेश काढणं बिंदूंच्या जवळच्या पट्ट्यापुरतं मर्यादित ठेवा.

नंतर हाताने सुधारणा करायची असेल तर बिंदूची जागा हलवू नका, त्याची किंमत बदला. जागा बदलली की सारणी नव्याने सोडवावी लागते. किंमत बदलली तर आधी केलेलं विघटन जसंच्या तसं वापरता येतं आणि २० कोटी क्रियांत उत्तर मिळतं.

प्रश्न : जायरॉइडची (तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येणाऱ्या वळणदार पृष्ठभागाची) पोकळ जाळी छापतो. भिंत सगळीकडे १.२ मिलिमीटर हवी, पण काही ठिकाणी पातळ येते आणि तिथेच तुटते.
— थ्री-डी प्रिंटिंग करणारा एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : ॲलन शोन यांनी नासात असताना १९७० साली मांडलेल्या या पृष्ठभागासाठी आपण सगळे वापरतो ते तीन साइन-कोसाइन गुणाकारांचं सूत्र मुळात अंदाजी आहे. त्याची किंमत म्हणजे अंतर नव्हे. पृष्ठभागावर एका जागी ग्रेडियंट १.७३ असतो, दुसऱ्या जागी १.४१. किंमत एका ठरावीक पट्ट्यात ठेवून भिंत बनवली की जाडीत २२ टक्क्यांचा फरक येतो आणि जिथे ग्रेडियंट मोठा तिथे भिंत पातळ.

किंमतीला त्याच बिंदूवरच्या ग्रेडियंटच्या लांबीने भागा, मग पट्टा अधिक-उणे ०.६ मिलिमीटर धरा. ग्रेडियंट मिलिमीटरमधला हवा: १० मिलिमीटरच्या आवर्तनात तो ०.६२८ ने गुणला जातो. बोगद्यांच्या मध्यांजवळ ग्रेडियंट शून्याकडे जातो, म्हणून भाजकाला ०.१ ची खालची मर्यादा घाला. सॉफ्टवेअरमध्ये भागाकार करता येत नसेल तर मोठा ग्रेडियंट धरून पट्टा ०.६ × ०.६२८ × १.७३, म्हणजे अधिक-उणे ०.६५ ठेवा. पातळ जागी १.२ मिळेल, बाकी ठिकाणी भिंत थोडी जाड होईल आणि फिलामेंट जास्त लागेल. मेश काढताना घनाची बाजू ०.४ मिलिमीटरपेक्षा मोठी नको. १०० मिलिमीटरच्या ठोकळ्याला २५० × २५० × २५०, म्हणजे १,५६,२५,००० घन होतात, साध्या लॅपटॉपला ते झेपतात. पूर्ण भाग छापण्याआधी दोन आवर्तनांचा, २० मिलिमीटरचा तुकडा छापून मधोमध कापा आणि भिंत निदान पाच ठिकाणी व्हर्निअरने मोजा.